वीस तारखेच्या आत

दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत
मी सरकारला कळवते
आमच्या कारखान्यात कोण किती मोडलेलं आहे.
अर्जात तीनच खाने:
तीव्र, मध्यम, सौम्य.
प्रत्येक खान्यापुढे एक रक्कम,
पगाराला हातभार म्हणून,
आणि खरं बोलायचं तर भट्टीच्या गॅसलाही.

आम्ही काचेचे गोळे करतो,
नाताळच्या झाडाला टांगायचे,
क्रॉस्नोच्या पुढे, जिथून बस वळून परत जाते.
मे महिन्यात बर्फ रंगवतो, ऑगस्टमध्ये देवदूत.
सव्वीस माणसं. अकरा माझ्या अर्जातली.
मालकीण बोगुमिला सकाळी दारातूनच विचारते,
"अनुदान आलं?"
मग हातमोजे काढते.

मी तिला वाईट म्हणणार नाही.
तिच्याआधी या गावात
इरेनेउशला कुणी दारात उभं केलं नव्हतं.
तिनंही केलं ते अनुदानाचं ऐकूनच.
त्याच्या डाव्या हाताला
देवदूताच्या पापण्या काढता येतात,
हे पुढं कळलं.

पूर्वी तो काच फुंकायचा, दुसरीकडे.
एका सकाळी नळी हातातून सुटली,
तोंड वाकडं झालं,
उजवी बाजू जणू शेजाऱ्याची.
तेव्हापासून तीव्र.
आठ वर्षं माझ्या तक्त्यातली
सगळ्यात वजनदार ओळ.

फेब्रुवारीत फेरतपासणी होती.
हा गडी आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करून गेला.
काठी नेली नाही.
तीन डॉक्टरांसमोर कोटाची बटणं लावली
उजव्या हातानं, चारही,
वर म्हणाला, "पाचवं तुटलंय,
नाहीतर तेही लावलं असतं."

पत्र आलं. मध्यम.

पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं
तसं त्यानं ते मला दाखवलं.
मी अभिनंदन म्हणाले,
आणि म्हणता म्हणता डोक्यात वजाबाकी झाली.
झाली म्हणजे झालीच.
तेवीस वर्षं हेच करतेय मी.

संध्याकाळी बोगुमिला म्हणाली, "चांगलं झालं त्याचं."
मग खिडकीकडे बघत, "किती कमी?"
मी आकडा सांगितला.
ती गॅसच्या बिलाची घडी घालत राहिली,
लहान, आणखी लहान.
"अपील करता येतं ना?"

म्हणून आम्ही बसलो, तो आणि मी,
जेवणाच्या सुट्टीत, कोऱ्या कागदापुढे.
काय काय जमत नाही ते सांगा.
"लोणच्याची बरणी उघडत नाही."
मी लिहिलं.
"थांबा. मंगळवारी उघडली."
मी खोडलं.
जिना?
"कठडा धरतो. पण कठडा तुम्हीही धरता."
बोलताना अडखळता?
"ते लग्नाआधीपासून. बायकोला विचारा."
कागद त्यानं माझ्याकडे सरकवला.
"म्हणजे आता मी कमी अपंग,
का जास्त महाग?"
आणि हसला.
तोंडाची उजवी बाजू जरा उशिरा हसली,
पण हसली.

मी काय सांगणार?
त्याला माझ्याकडे खाना नाही.
कुणीतरी भल्या मनानंच ठरवलं असेल हे,
जेवढं ओझं, तेवढा टेकू.
हिशेबात चूक मला सापडत नाही,
आणि मला चुका सापडतात.
फक्त कुणी बरं होईल
हे त्या तक्त्यात धरलेलं नाही.

मुदत शुक्रवारी संपली.
कागद अजून माझ्या खणात आहे.
त्यावर एकच ओळ, बरणीची, खोडलेली.

आज वीस तारीख.
त्याच्या नावापुढे मी मध्यम भरलं,
दोनदा तपासलं, पाठवलं.
पुढच्या महिन्याचं बोगुमिला काही बोललेली नाही.
मीही विचारलेलं नाही.

टेबलावर एक गोळा वाळतोय,
उजव्या हातानं रंगवलेला पहिला.
तारा असावा.
एक टोक घसरलंय, सोनेरी रंग ओघळून
पार खालपर्यंत आलाय.
मोजणीत हा दुय्यम मालात जाईल.
मी अजून मोजलेला नाही.